उरलेली टेप

ज्यांचं तरुणपण ऐंशी ते नव्वदच्या दरम्यान डहाणूत गेलं, त्यांना बाळ्याचं दुकान आठवत असेल. स्टेशनच्या पश्चिमेला अरुंद गाळा आणि बाहेर हाताने रंगवलेली पाटी: 'आवडीची गाणी भरून मिळतील.' आपण एक कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि चार दिवसांनी जाऊन भरलेली कॅसेट आणायची. यादी करणं हेच खरं काम. साठ मिनिटांत मावणार किती, त्यात कोणतं ठेवायचं, कोणतं गाळायचं, यावर लोक महिनाभर झुरत. शेवटी पान देताना शेवटची दोन गाणी खोडलेली असत आणि पुन्हा लिहिलेली असत.

बाळ्याचा एक नियम होता. यादी संपूनही टेप उरली, तर तो ती कोरी सोडत नसे. दोन मिनिटं उरोत की पाऊण, स्वतःच्या आवडीचं एखादं गाणं तो त्यात ढकलायचा. ते गाणं मध्येच, कधी अर्ध्या शब्दावर तुटायचं. गिऱ्हाईकं भांडत. बाळ्या म्हणायचा, "कोरी टेप परत करायची म्हणजे पाहुण्याला अर्धपोटी उठवायचं. आपल्याकडे ते चालत नाय." अर्ध्या डहाणूला कितीतरी गाणी अशी अर्धीच पाठ आहेत.

ह्यांची कॅसेट त्याच दुकानातली, १९८४ सालची. तेव्हा हे, म्हणजे सूर्यकांत, रेल्वेच्या सिग्नल खात्यात नवीन लागले होते आणि इराणी रोडवर एका वाडीत भाड्याने राहत होते. त्या वाडीच्या मालकाचा मुलगा परदेशातून तबकड्या घेऊन आला होता. संध्याकाळी चिकूच्या झाडांखाली तबकड्या वाजत आणि हे पायरीवर बसून ऐकत. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची प्रेमाची गाणी. त्याला सोल म्हणतात, असं त्यांनी मला लग्नानंतर सांगितलं. सोल म्हणजे आत्मा.

"आत्म्याची गाणी ना?" मी म्हटलं होतं. "मग एकादशीला लावत जा."

ते हसले होते. म्हणाले, "जया, देवळात शिकलेला गळा आहे त्यांचा. फक्त देव बदललाय."

मला त्यातलं इंग्रजी कळायचं नाही. पण एक गोष्ट कळायची. गाणारा एखादा शब्द धरायचा आणि सोडायचाच नाही, त्याला ओढत, वळवत, फिरवत राहायचा. जात्याचा खुंटा धरल्यावर माझी आई असंच करायची. माझं माहेर वरोरचं. पहाटे तांदूळ दळताना आईने ज्या ओव्या म्हटल्या त्या ऐकत मी मोठी झाले. पुढे शिक्षिका झाल्यावर मी त्या एका वहीत उतरवून घेतल्या. एकेचाळीस. आईसारखीच मलाही सवय: काम हातात घेण्याआधी एखादी ओवी गुणगुणायची आणि मग हात लावायचा. भांडी असोत, फळा असो की टेपचं बटण.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात याच दोन-तीन गोष्टी आहेत, बाहेरचं काही नाही. मी गेली तीस वर्षं गणित आणि मराठी शिकवते. मला जे मोजता आलं ते मी मोजलं. ते तसंच सांगते.

२०१८च्या दसऱ्यानंतर ह्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाजू हळूहळू सुधारली. महिन्याभरात काठी धरून ओट्यापर्यंत येऊ लागले. वाचा आली नाही. आपण बोललेलं सगळं कळायचं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, पण तोंडातून फक्त एक "त" निघायचा. त, त, त. मग ते तोंड मिटून खिडकीकडे बघत बसायचे.

वापीहून दर गुरुवारी श्रुतिका यायची. स्पीच थेरपिस्ट, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बॅगेत चित्रांची कार्डं. तिने मला ओट्यावर नेऊन विचारलं, "काकू, त्यांनी पहिला शब्द कोणता बोलावा असं वाटतं तुम्हाला? काहीतरी एक धरून चालू या."

"माझं नाव," मी म्हटलं. जरा लाजच वाटली. "तेहतीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचे हो. चष्मा कुठे, पेपर कुठे, सगळं जया. आता घर कसं सुनं झालंय."

"मिळवू आपण," ती म्हणाली. "बोलणं डोक्याच्या एका बाजूला असतं, गाणं दुसऱ्या बाजूलाही असतं. कितीतरी पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. त्यांच्या सगळ्यात आवडत्या दहा गाण्यांची यादी करा. रोज एकाच वेळी लावा. काकांची आवडती, तुमची नाही."

तेव्हा मला कळलं की ते मला माहीत नाही. कॅसेटमध्ये अठरा गाणी होती, एका बाजूला नऊ. झाकणाच्या कागदावर त्यांच्या बारीक अक्षरात यादी होती. पण अठरांतली दहा कोणती?

मी माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला, पट्टा बदलून आणला आणि दुपारी चारची वेळ ठरवली. नोव्हेंबरपासून आमच्या भागात भूकंपाचे हादरे सुरू झाले होते. तलासरीकडे माझ्या शाळेचे वर्ग बाहेर मांडवात भरत होते आणि लवकर सुटत होते. तीनच्या एसटीने मी मल्याणला घरी पोहोचायचे, चहा करायचे आणि ह्यांच्यासमोर बसायचे. "आवडलं तर डाव्या हाताने टेबलावर एकदा वाजवा," मी सांगितलं.

'अ' बाजूची नऊ गाणी झाली. हात हलला नाही. दुसऱ्या दिवशी 'ब' बाजूची नऊ झाली. एका गाण्यात गाणाऱ्याचा आवाज असा फाटला की मी हातातला कप खाली ठेवला. ह्यांचा हात मांडीवरच. ते टेपकडे अशा नजरेने बघत होते जशी आपण गाडी यायच्या आधी रुळाकडे बघतो.

नववं संपलं. टेपची खरखर सुरू झाली. मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट बाजूला सारलं.

खरखर दीड मिनिट चालली. मग एक बाई गाऊ लागली.

वाद्य नव्हतं. नुसता आवाज आणि त्याच्या मागे मोटरीची जड घरघर. शब्द इंग्रजी होते. दोन ओळी झाल्या असतील, तिसरी सुरू झाली आणि टक्. टेप संपली, बटण वर आलं.

ह्यांनी टेबलावर वाजवलं. तीन वेळा.

दुसऱ्या दिवशी मी 'ब' बाजू पुन्हा लावली. त्यात विशेष काही नव्हतं, बाळ्याची सवय मला माहीत होती. उरलेल्या टेपमध्ये त्याने आपलं एखादं ढकललं असणार. फक्त, आदल्या दिवशी जिथे गाणं तुटलं होतं तिथे ते तुटलं नाही. तिसरी ओळ पूर्ण झाली. मग टक्.

पट्टा नवा आहे, मोटर वेगवेगळ्या गतीने फिरत असेल, असं मी मनाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन बसले. पूर्ण बाजू तीस मिनिटं चाळीस सेकंद. चौथ्या दिवशी तीस मिनिटं पन्नास. पाचव्या दिवशी एकतीस. गाणी तीच, त्यांची लांबी तीच. फक्त ते शेवटचं गाणं दहा सेकंदांनी पुढे जात होतं.

सहाव्या दिवशी ह्यांनी तोंड उघडलं आणि गायले.

शब्द स्वच्छ, सूर थरथरता. शेवटच्या तीन ओळी टेपबरोबर गायले. मग टक् झालं, टेप थांबली आणि ते थांबले नाहीत. पुढची एक ओळ गायले. मी रडत होते, म्हणून तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते सातव्या दिवशी, जेव्हा टेपवर तीच ओळ आली.

श्रुतिकाने ऐकलं तेव्हा तिने टाळ्याच वाजवल्या. फोन पुढे धरून गाणं कोणतं ते शोधायचा प्रयत्न केला. फोनला सापडलं नाही. "जुनं असेल," ती म्हणाली. "काकू, यादीबिदी जाऊ दे. हेच त्यांचं एक नंबर आहे. हेच लावा. बंद नका करू."

आता दुसरी बाजू सांगते.

त्याच आठवड्यात मांडवात मी चौथीच्या मुलांना ओव्या शिकवत होते. एक ओवी नणंदेवरची, मुलांच्या फार आवडीची, कारण आईने ती स्वतः रचलेली आणि भलतीच तिखट:

नणंद माझी बाई, जशी लवंगी मिरची
भरल्या घरामंदी, हिलाच लागे खुर्ची

मी "नणंद माझी बाई" म्हटलं आणि थांबले. पुढे काही नव्हतं. विसरल्यावर जिभेवर काहीतरी घोळतं, तसंही नव्हतं. तिथे काही नव्हतंच. मुलांनीच खुर्ची म्हणून ओरडून पूर्ण केलं आणि हसली.

घरी येऊन वही काढली. ओवी माझ्याच अक्षरात होती. मी वाचली. शब्द कळले. पण चाल नाही, आईचा आवाज नाही, पहाट नाही. वीजबिल वाचावं तसं वाचलं.

आमच्याकडे कामाला येणारी शुक्री रानशेतची. भांडी घासता घासता तिने मान वळवली. "ताई, परवाच तर म्हणत होतात ती. टेप लावायच्या आधी. मी हसलेली का नाय?"

"परवा?"

"मग काय. आणि काल ती होडीची. भाऊ येतो ती."

होडीची. मी आठवून पाहिली. तिथेही काही नव्हतं.

ताण आहे, वय आहे, झोप नाही, असं म्हणून मी दोन दिवस काढले. मग शिक्षिकेने करावं ते केलं. एक दिवस टेप लावण्याआधी तोंड घट्ट मिटून बसले, काही गुणगुणले नाही. त्या दिवशी गाणं आदल्या दिवशी तुटलं होतं तिथेच तुटलं, आणि ह्यांनी नवीन काही उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक ओवी म्हटली, भोंडल्यातल्या भांडणाची, जी मला कधीच फारशी आवडली नव्हती. बटण दाबलं. गाणं दहा सेकंद पुढे गेलं. संध्याकाळी हे खिडकीकडून वळले आणि म्हणाले, "पाणी."

मराठीत. दोन महिन्यांनंतरचा पहिला शब्द.

मी पाणी दिलं. मग वही उघडली. भांडणाची ओवी वीजबिल झाली होती.

रविवारी कॅसेट घेऊन बाळ्याकडे गेले. त्याचं आता मोबाईलचं दुकान आहे, तोच गाळा, काचेच्या कपाटात कव्हरं टांगलेली. साठी उलटली तरी सगळे त्याला बाळ्याच म्हणतात. त्याने कॅसेट उलटीसुलटी केली, बोटाने चाक फिरवलं, वासही घेतला.

"वहिनी, ही माझीच. अक्षर सूर्याभाऊचं. यादी करायला तीन महिने घेतलेन त्याने. मी बोललो, लग्नाचा मुहूर्त काढतोस का गाणी?"

"शेवटी तू काय भरलंस? ती बाई कोण गाते?"

"कोण बाई?"

त्याने मागच्या फळीवरचा जुना डेक पुसला, 'ब' बाजू शेवटाकडे नेली आणि लावली. नववं गाणं संपलं. खरखर. आम्ही दोघं कान लावून उभे होतो. बाहेर रिक्षावाले पारनाका, पारनाका ओरडत होते. खरखर चालली, चालली, आणि टक्.

"कोरी आहे," बाळ्या म्हणाला. "कोरीच असणार. आयुष्यात एकदाच मी टेप कोरी सोडली, ती ही. सूर्याभाऊने हात धरलेला माझा. बोलला, बाळ्या, ढकलू नकोस काय तुझं. उरलेली तशीच ठेव. लग्न झालं की बायकोचा आवाज भरणार मी त्याच्यात." त्याने माझ्याकडे पाहिलं. "भरला नाय काय मग?"

नव्हता भरला. आठवलं मला. पंच्याऐंशीचा वैशाख, लग्नाला पंधरा दिवस झाले होते. ह्यांनी टेपरेकॉर्डर माझ्यासमोर ठेवला होता, लाल बटण दाबून धरलं होतं आणि म्हणाले होते, म्हण ना तुझ्या आईची एखादी. मी पदर तोंडावर घेतला होता आणि स्वयंपाकघरात पळाले होते. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

"कोणाला सांगू नकोस," मी बाळ्याला म्हटलं. काय सांगू नकोस, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

घरी येऊन मी वही आणि पेन्सिल घेऊन बसले. नऊ ओव्या गेल्या होत्या. बत्तीस उरल्या होत्या. जे घेत होतं ते एकेक घेत होतं आणि मी जी पुढे ठेवेन तीच घेत होतं. म्हणजे निवड माझी होती. मग नीट निवडायचं. एवढं मला करता येण्यासारखं होतं आणि ते मी करणार होते.

निवडणं किती अवघड असतं आणि ह्यांना तीन महिने का लागले, ते तेव्हा कळलं. त्या एका रविवारी मी बत्तीस ओव्यांची यादी लावली. आधी सासुरवासाच्या टाकल्या. त्यांचं मला दुःख नव्हतं. मग सणांच्या. मग भावाच्या, त्यातली एक, भाऊ दर्याला गेला आणि आई दळता दळता दाराकडे बघते, ती मी दोनदा खाली सरकवली आणि दोनदा खोडली. मग पावसाच्या. मग आईने स्वतःच्या आईवर रचलेल्या. सगळ्यांत खाली एक ठेवली. तिच्यापुढे आकडा घातला नाही.

मग रोज चारला एक.

शब्द येत गेले. चहा. पेपर. गरम. काठी. जानेवारीत ते "शुक्री" म्हणाले, लख्ख.

शुक्री हातातला झाडू सोडून उभी राहिली. मग माझं तोंड बघून तिने हसू दाबलं. "ताई, माझा काय दोष नाय. मी जरा जास्त भांडी वाजवते, म्हणून ध्यानात राहिली असन."

"राहू दे," मी म्हटलं. "माझंही येईल."

"येईल ना. ह्ये आधी भाजीवाल्या कमळीचं नाव घेतील, मग तुमचं."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी. त्याच दिवशी ती काम आवरून निघाली होती, पण गाणं सुरू झालं तशी उंबऱ्यावर थांबली. शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकत राहिली. ती बाई आता सलग सहा मिनिटं गायची. इंग्रजीतला काही अर्थ मला एव्हाना लागू लागला होता: मी कुठे गेले नाही, मी इथेच आहे, तू फक्त बोलव.

"ताई," शुक्री म्हणाली. "हिच्या पाठीमागे जातं आहे का?"

"मोटर आहे ती. टेपची."

तिने मान हलवली. म्हणाली, "आमच्याकडे जातं अजून फिरतं. नाचणी दळतो. मला कळतं." आणि चपला घालून निघाली. दुसऱ्या दिवसापासून ती चारच्या आधीच काम उरकू लागली.

मी त्या दिवशी पहिल्यांदा टेपच्या खिडकीतून आत वाकून पाहिलं. डावं चाक मोकळं होतं. सगळी टेप उजवीकडे गुंडाळली गेली होती आणि संपून ताठ झाली होती. दोन्ही चाकं स्तब्ध होती. बाई गात होती.

ह्यांनीही पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बंद," ते म्हणाले. ओठ जुळवायला वेळ लागला. "बंद कर."

"अजून थोडंच राहिलंय."

"नको."

"तुम्ही बोलताय," मी म्हटलं. "ऐकताय ना? तुम्ही मला नको म्हणताय. ऑक्टोबरमध्ये तुम्हाला नुसता त म्हणता येत होता."

त्यांनी मान फिरवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी बंद केलं नाही.

शाळेत मुलं ओव्या म्हणायची. मी शिकवलेल्या, त्यांच्या तोंडी बसलेल्या. मी खुर्चीवर बसून ताल धरायचे आणि ते काय म्हणताहेत ते नव्याने ऐकायचे. छान आहेत, असं वाटायचं. कोणाच्या आहेत, असं एकदा विचारलंही. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

एक फेब्रुवारीला मोठा हादरा बसला. फडताळातली भांडी खाली आली. शाळेला सुट्टी दिली. माझ्या यादीत एकच उरली होती.

ती इथे वहीतून उतरवून घेते:

दळण दळिते मी, जातं थांबवीते बाई
जया म्हणूनी हाक, दुजं माझं काम नाही

वहीत तिच्याखाली मी तारखेनिशी लिहून ठेवलंय की आईने ही माझ्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे, पहिल्यांदा म्हटली. आणि ही ऐकताना मला नेहमी पिठाचा वास येतो. तसं लिहिलंय.

दोन दिवस मी टेप लावली नाही. ह्यांचं बोलणं जिथे होतं तिथेच होतं. चहा, पेपर, शुक्री, नको. ते मला बोलवायचे तेव्हा काठीने फरशी वाजवायचे. टक्, टक्. मी स्वयंपाकघरातून यायचे.

तिसऱ्या दिवशी काठी वाजली तेव्हा मी पोळी लाटत होते. टक्, टक्. मी लाटणं ठेवलं. काठीने बोलावतात ती मी नव्हे, असं मला वाटलं. आयुष्यभर असं जगणार नव्हते. हातांना पीठ तसंच होतं. बाहेर आले आणि टेपसमोर बसले.

त्यांना कळलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "नको. नको."

मी ओवी म्हटली. सावकाश, पूर्ण, आईसारखी शेवटचा शब्द फिरवत. घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

नऊ गाणी झाली. खरखर झाली. ती बाई गाऊ लागली.

त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. ते गात नव्हते. ओठ घट्ट मिटलेले होते.

घरघर वाढत होती. टेबल थरथरत होतं. हादरा असेल म्हणून मी कपबश्यांकडे पाहिलं. त्या स्थिर होत्या.

शेवटची ओळ आली. बाईने एक शब्द धरला आणि ओढला, वळवला, फिरवला.

मग घरघर हळू झाली. हळू. थांबली.

पूर्ण शांतता. टक् झालं नाही.

मी हाताकडे पाहिलं. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ होते. पीठ वाळलं होतं. मी उठले, कणीक झाकून ठेवली, हात धुतले आणि ओट्यावर वाळत घातलेले कपडे आत आणून घड्या घालत बसले.

तेवढ्यात हाक आली.

"जया."

स्वच्छ, खणखणीत आवाज, चार महिन्यांपूर्वीचा. मला फार बरं वाटलं. हे आता बोलू लागले.

"जया," ते पुन्हा म्हणाले. आवाज जरा हलला होता. "जया, इकडे बघ."

मी घडी बाजूला ठेवली, उठले आणि ते कोणाला बोलावताहेत ते पुढचं दार उघडून पाहिलं. ओट्यावर कोणी नव्हतं. फाटकाशीही कोणी नव्हतं.

मी आत आले आणि त्यांना तसं सांगितलं.